न आलेल्या मुलांची यादी

माझी आत्या मझल वाक्रुळकर मुंबईत नऊ वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू; इस्राएलला आल्यावर तिचं सर्टिफिकेट कुणी मानलं नाही. ओफाकिम या वाळवंटातल्या नव्या गावच्या दवाखान्यात ती लादी पुसायची.

शेजारच्या तिकवाचा पाय पोलिओने लुळा पडला होता. सहा वर्षांची पोर. व्यायामाचे उपचार होते ते दूर बेर शेवा शहरात. आई कारखान्यात, बसचा भरवसा नाही. दोनदा गेली, मग जाणं सुटलं. ओफाकिमलाच उपचार-केंद्र द्या, असा दवाखान्याने अर्ज केला. १९६२ च्या हिवाळ्यात उत्तर आलं: वर्षभरात ओफाकिमची सहाच मुलं उपचाराला आली, सबब गरज नाही.

आत्याने ते दवाखान्यातल्या डॉक्टर मल्काकडून वाचून घेतलं आणि हातातला पोछा आपटला. "आली ती सहा मोजली. येऊ शकली नाहीत ती कोण मोजणार?"

दुसऱ्या दिवसापासून काम सुटलं की ती घरोघर जाऊ लागली. सोबत एक वही आणि शिंप्याची टेप. मोरोक्कोहून आलेल्या बायकांशी ती हातवाऱ्यांनी बोलायची. पोटरीचा घेर किती, आधाराशिवाय पावलं किती, उपचार कधी थांबले, का थांबले, सगळं टिपायची. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी, लिहायचं नाही, म्हणून त्या दिवशी नुसती बघून यायची आणि शब्बाथ सरला की वहीत उतरवायची. चार महिन्यांत एकेचाळीस मुलं झाली.

वही घेऊन ती बेर शेवाच्या आरोग्य कचेरीत गेली. मी दुभाषी म्हणून बरोबर. त्स्वी नावाच्या अधिकाऱ्याने चार पानं उलटली.

"तपासलं कुणी?"

"मी."

"तू कोण?"

"नर्स."

त्याने तिच्या नोकरीचा कागद पाहिला. "इथे तर सफाई कामगार लिहिलंय. हा पुरावा होत नाही."

आत्या खुर्चीतून उठली. हिब्रू सोडून मराठीतच कडाडली, "लग्न करायचं तर आमच्याकडे आजी-पणजीपर्यंत ज्यू असल्याचे पुरावे मागता! आणि हे एकेचाळीस पाय डोळ्यांसमोर आहेत, ते दिसत नाहीत?"

मी भाषांतर केलं. थोडं सौम्य केलं, त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटी डॉक्टर मल्काने ती वही घेतली आणि प्रत्येक घरी स्वतः जाऊन पुन्हा तपासणी केली. आत्याचं एकही माप चुकलं नव्हतं; उलट दोन मुलं जास्त सापडली. त्या अहवालावर मात्र डॉक्टरची सही होती. चार आठवड्यांत मंजुरी आली. मापं तीच होती.

१९६४ च्या वसंतात केंद्र उघडलं, आठवड्यातून दोन दिवस. त्स्वीने भाषणात ‘डॉक्टरांच्या पाहणीचं’ कौतुक केलं. तेवढ्यात डॉक्टर मल्का मध्येच म्हणाली, "पाहणी मझलची आहे." टाळ्या पडल्या. आत्याने हात जोडले नाहीत. तिकवाला पुढे करून ती तुटक्या हिब्रूत म्हणाली, "हिची टाच आता टेकत नाही. शस्त्रक्रिया लागणार. तुम्ही दीड वर्षापूर्वी, अर्ज आला तेव्हाच, बघितलं असतं, तर लागली नसती."



केंद्रात आत्या मुलांचे पाय धरून व्यायाम करून घ्यायची. तिथली उपचार करणारी बाई तिला विचारल्याशिवाय काही ठरवत नसे. हजेरीपटावर मात्र ती शेवटपर्यंत सफाई कामगारच राहिली.