रायफलीच्या दुर्बिणीत दिसलेली मावशी

मित्रहो, आज सकाळी माझ्या हातून जे घडलं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगतो.

औशाजवळच्या रेंजवर मी नेमबाजी शिकवतो. माझा पहिला धडा ठरलेला: बघायचं ते तिपाईवरच्या स्पॉटिंग स्कोपमधून, म्हणजे नुसतं लांबचं बघायच्या वेगळ्या दुर्बिणीतून. रायफलीवरची दुर्बीण फक्त निशाण्यासाठी, कारण दुर्बीण जिकडे वळते तिकडेच नळी वळते.

आज सराव सुरू व्हायच्या आधी उदगीर जिल्हा होणार का, यावर गप्पा रंगल्या होत्या. तेवढ्यात टार्गेटच्या बाजूला, लांबच्या हापशावर कुणीतरी हललं. स्पॉटिंग स्कोप गाडीत राहिला होता. आता कोण जाईल, म्हणून मी रिकामी रायफलच डोळ्याला लावली.

भिंगात एक म्हातारी दिसली. तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्याकडं बघून हात जोडले.

मी पळतच गेलो. "मावशी, भिऊ नका, रायफल रिकामी हाय."

"मला काय ठावं, बाबा?" ती म्हणाली. "पानी नेऊ नको म्हनायचं व्हतं, तर हाक मारायची. बंदूक कशाला?"

मी हापसून घागर भरून दिली. जाताना ती सारखी मागं वळून बघत होती.

उद्या तोच पहिला धडा कोणत्या तोंडानं शिकवू, तुम्हीच सांगा.