मिटलेलं तोंड
दोन जावा मिळून शिवणकामाचं दुकान चालवायच्या. दुकान खाली, घर वर. थोरली कापायची, धाकटी शिवायची आणि बोलायची. बोलणं हे तिचं कामच म्हणा ना. गिऱ्हाईक दारात पाऊल टाकायच्या आत तिने त्याच्या सुनेची, सासूची, गुडघेदुखीची चौकशी केलेली असायची. गल्लीत सगळे तिला रेडिओ म्हणत. थोरली आपण बरी आणि आपली कात्री बरी.

एकदा थोरलीच्या हातून बाही उलटी कापली गेली. कापड महागाचं, बाई नेहमीची. धाकटीने हसत हसत बाईसमोरच सांगून टाकलं, "ताईंचा चष्मा वर राहिला होता, म्हणून तुमचा एक हात मागे आणि एक पुढे." बाईही हसली. कापड बदलून द्यायचं ठरलं, पण थोरलीच्या कानशिलांवर जाळ झाला. गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "तुझं तोंड जरा मिटून ठेवलंस ना, तर दुकान नीट चालेल."

धाकटी गप्प झाली. कधी नव्हे ते.

दुसऱ्या दिवशी तिने गळ्यावर हात ठेवून खूण केली, घसा दुखतोय. अंगही तापलं होतं. थोरलीने मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. कपाटात आपल्या मुलाच्या जुन्या दुखण्यातल्या काही गोळ्या उरल्या होत्या, त्याही दिल्या. ताप जरा उतरला, पण गोळ्या संपताच पुन्हा चढला. धाकटी विचारलं तर मान हलवी, नाहीतर "हं" म्हणे. तोही "हं" असा, जणू तोंडात गरम घास धरलाय. ताटावर बसली की दोन घास चिवडून उठे.

थोरलीने मनाशी ठरवूनच टाकलं होतं : ही रुसलीय. 'एवढंसं बोलले तर मूग गिळून बसली. बसू दे. मीही नाही विचारायची.' तीही तोंड फिरवून कात्री चालवत राहिली. खरं सांगायचं तर त्या शांततेत तिला थोडं बरंच वाटत होतं, आणि हेच तिला पुढे सगळ्यात जास्त टोचलं.

एका दुपारी ती कचऱ्याची टोपली रिकामी करायला गेली. वरच्या चिंध्या ओल्या लागल्या. बघते तो, धाकटी मशीनवर वाकून चिंधीत थुंकतेय. थुंकी गिळवत नव्हती तिला. मान एका अंगाला कललेली, हात कानावर.

"अगं, काय होतंय तुला? तोंड उघड, बघू."

धाकटीने प्रयत्न केला. दातांमध्ये जेमतेम एक बोट शिरेल एवढी फट पडली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ही मुद्दाम तोंड मिटून बसली नव्हती. हिला उघडता येत नव्हतं.

दुकानाला कुलूप न लावताच तिने रिक्षा थांबवली. नेहमीच्या डॉक्टरांनी चमचा आत घालून पाहिला, तो जाईना. त्यांनी वेळ न दवडता मोठ्या दवाखान्यात, कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

बाईंनी बारीक दिव्याने फटीतून आत पाहिलं. "टॉन्सिलच्या शेजारी पू साठलाय. पडजीभ पार एका बाजूला ढकललीय. त्या सुजेनं जबड्याचे स्नायू आखडतात, म्हणून तोंड उघडत नाही. आता नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, पू काढावा लागेल. किती दिवस झाले?"

थोरली पुटपुटली, "चारपाच."

"श्वासाला त्रास?"

"नाही... माहीत नाही." बाईंनी वर पाहिलं.

धाकटीला खुर्चीत ताठ बसवलं, घशात बधिर करणारा फवारा मारला. मग लांब सुई. सिरिंज पिवळ्या पुवाने भरली, तशी खोलीभर घाण सुटली. धाकटीने थोरलीचं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. थोरलीने हात सोडवून घेतला नाही. उलट आणखी आवळावं असं तिला वाटत होतं.

पू निघाल्यावर काही वेळाने धाकटीने चूळ भरली आणि थुंकी गिळली. शिरेतून औषध सुरू झालं, सलाईन लागलं. घरी दिलेल्या गोळ्यांचं ऐकून बाई थोरलीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत, आणि दुसऱ्याच्या उरलेल्या तर द्यायच्याच नाहीत. आणखी उशीर झाला असता तर सूज श्वासाच्या वाटेवर आली असती."

धाकटीचा नवरा ट्रकवर होता, परगावी. त्याचा फोन आला. "वहिनी, तुम्ही होतात म्हणून बरं. आईनं केलं नसतं एवढं केलंत."

थोरलीला 'नाही हो' म्हणायचं होतं. तिने 'औषध चालू आहे' एवढंच सांगून फोन ठेवला. गल्लीतही तेच, जो तो तिची पाठ थोपटायला. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या तिने.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात धाकटी उशीला टेकून पेज पीत होती. चमचा आता सरळ आत जात होता. थोरली स्टुलावर बसली, पदराचा काठ मुरगाळत म्हणाली, "मला वाटलं, तू रुसलीस. म्हणून मी बघितलंच नाही तुझ्याकडे. तू तिथं मरत होतीस आणि मला दुकान शांत वाटत होतं."

धाकटीने पेज खाली ठेवली. आवाज घोगरा होता. "रुसलेच होते की. पहिल्या दिवशी तर चांगलीच. म्हणून मीही नीट सांगितलं नाही. म्हटलं, यांनी विचारल्याशिवाय सांगायचंच नाही."

"वेडी आहेस का?"

"दोघीही आहोत." ती हसायला गेली आणि दुखलं म्हणून गाल धरून बसली.

तिने एवढ्यावर विषय संपवला. थोरलीचा काही संपला नाही. धाकटी घरी आल्यावरही गोळीची वेळ झाली की ही पाण्याचा पेला घेऊन समोर उभी. आणि बोलता बोलता धाकटी जरा थांबली, सुईत दोरा ओवण्यापुरती जरी, तरी हिची कात्री थांबते. "गिळून दाखव," म्हणते.

"अहो ताई, दोरा ओवतेय!"

"ओव. पण आधी गिळून दाखव."