आत ओढू नको, सोड

मी चौथी शिकलेली बाई आहे. भूत, लागीर, बाहेरचं... यातलं काही मी कधी मानलं नाही. मानायला सवड लागते. आमच्या गोठ्यात सात गाई आहेत आणि त्यांना दोन्ही वेळेला वेळच्या वेळी वैरण लागते. गल्लीतल्या एका बाईच्या अंगात यायचं, तिला मी तोंडावर सांगितलं होतं — आधी भांडी घास, मग घुम. तेव्हा मी जे सांगते ते ऐकून कोणी मला भोळी समजू नये. मी वहीत लिहिलं आहे, सून मोबाईलवर टाकणार आहे. तिनं काही सजवू नये असं तिला बजावलं आहे.

आम्ही राहाता तालुक्यातले. गावात घर आहे, पण राहतो वस्तीवर, कालव्याच्या अलीकडे. पत्र्याचा गोठा, त्याला लागून कडबा बारीक कापायच्या कुट्टी मशीनची शेड, आणि समोर पंधरा-वीस पावलांवर घर. शेजारची वस्ती दोन शेतं सोडून. मुलगा बाळासाहेब, सून मनीषा आणि मी. मालक जाऊन नऊ वर्षं झाली.

मला दमा लागला एकसष्टाव्या वर्षी. तोवर मला साधी सर्दी टिकत नव्हती. त्या वर्षी अवकाळी पावसात कडब्याची गंज भिजली. आतून बुरशी धरली, पेंढी सोडली की पांढरा धूर निघायचा. बाळासाहेब म्हणाला, "आई, ह्यो फेकून देऊ." मी म्हणाले, "फेकायला काय झालं? वाळवून कुट्टी करू, निम्मा तरी गाईंच्या पोटात जाईल." दोन महिने मी तो कडबा मशीनला लावला. तोंडाला पदरसुद्धा बांधला नाही. मग खोकला सुरू झाला. मग छातीत मांजराची पिल्लं ओरडावीत तसा आवाज. मग एक दिवस शेणाची पाटी उचलून चार पावलं गेले आणि पाटी खाली ठेवावी लागली. साठ वर्षांत पाटी मधे खाली ठेवायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं दमा आहे. मी म्हणाले, "आमच्यात कोणाला नाही." ते म्हणाले, "आजी, आता तुम्हाला आहे." पंप लिहून दिला आणि सांगितलं, कुट्टीच्या शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही.

पंपाचं हसू येईल, पण सांगते. आमच्याकडे पंप म्हणजे पाठीवर घेऊन औषध मारतात तो. मी तसाच मारत होते. तोंड उघडायचं, फुस्स करायचं, गिळून टाकायचं. पंधरा दिवस मी ते औषध पोटात घातलं. मनीषानं एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, अहो दाबताना ओढायचं असतं! तुम्ही काय कोबीवर फवारा मारताय का?"

"मग चिठ्ठीवर लिहायचं ना तसं."

"लिहिलंय. इंग्लिशमध्ये."

तेव्हापासून नीट घेत होते. पण लोकांसमोर नाही. पंप धरला की सुटत नाही, पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं गावात म्हणतात. मीसुद्धा म्हणायचे. म्हणून तो स्वयंपाकघरात मांडणीवर, चहाच्या डब्यामागे ठेवायचे.

आता पुढचं सांगण्याआधी घरातली एक गोष्ट सांगावी लागेल. मला दुसरेपणावर दिली होती. मालकांची पहिली बायको वारली, त्यानंतर सहा महिन्यांत माझं लग्न झालं, मी सोळाची होते. आमच्या रीतीप्रमाणे लग्नातच माझ्या गळ्यात सवतीचा टाक घातला — चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती. पितृपक्षात नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, तिला आधी पान वाढायचं. ते मी सगळं वेळेवर केलं. घरात तिला थोरली म्हणत आणि मला धाकटी. सासू मला "धाकटे" अशीच हाक मारायची. सासू गेली, मालक गेले, त्यानंतर मला धाकटी म्हणणारं कोणी राहिलं नाही. मनीषाला तर हे नाव माहीतच नव्हतं.

थोरलीला मी कधी पाहिलं नाही. सासू सांगायची, ती कामचुकार होती. पाखडायला बसवली की दम लागला म्हणायची. खळ्यावरून उठून घरात येऊन बसायची. सोंगं करायची. मी ते ऐकलं आणि पन्नास वर्षं तसंच पुढे सांगितलं. जावांपुढे, नणंदेपुढे, बाजारात. माझं काम कोणाच्या डोळ्यात भरावं म्हणून मी थोरलीचं नाव काढायचे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस. बाळासाहेब आणि मनीषा नेवाशाला लग्नाला गेले होते. जाताना बाळासाहेबानं चार वाजताची कुट्टी करून ठेवली होती, पण एक गाय सुटली आणि तिनं पाट्या उलथून शेणात तुडवल्या. साडेतीन वाजले. सात गाई हंबरायला लागल्या. तुम्ही म्हणाल एक वेळ उपाशी राहिल्या असत्या. तुम्ही सात गाईंचं हंबरणं ऐकलेलं नाही.

मी शेडमध्ये गेले. मशीनचं बटण बाळासाहेबानं भिंतीला उंच बसवलं आहे, एकदा वासराला शॉक बसला तेव्हापासून. माझा हात पुरत नाही. मी पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर चढले, बटण दाबलं, उतरले आणि पेंढ्या लावायला लागले. आठ-दहा पेंढ्या झाल्या असतील. छाती आवळली.

मी लगेच निघाले, एवढी अक्कल होती. पण शेडच्या बाहेर सात-आठ पावलांवर गोठ्याच्या गव्हाणीला धरून खाली बसले. घर समोर दिसत होतं. दार दिसत होतं. पंप आत, चहाच्या डब्यामागे. मागे मशीन धडधडत होतं.

ज्यांना दमा नाही त्यांना वाटतं श्वास आत जात नाही. तसं नाही. आत जातो, बाहेर निघत नाही. छाती भरून बसते आणि आपण येड्यासारखं आणखी ओढत राहतो. ओरडावं तर आवाजाला वारा पाहिजे, तो नाही. माझ्या डोळ्यापुढे काळं यायला लागलं. मी मरणार हे मला कळलं. बाकी काही आठवलं नाही, देव नाही, मुलगा नाही. एवढंच आलं मनात, की हे लोक येतील आणि म्हणतील, सांगितलं होतं जाऊ नको.

मग मशीन बंद पडलं.

मला वाटलं माझे कान गेले. पण गाई ऐकू येत होत्या. आणि काचेच्या बांगड्यांचा आवाज आला, माझ्या पाठीमागे, अगदी जवळ. मग पाठीवर हात टेकला. दोन खांद्यांच्या मधे. खरखरीत हात होता, कामाचा.

"धाकटे," कोणी तरी म्हणालं. बाईचा आवाज. घाईचा नाही, रागाचा नाही. "आत ओढू नगं. सोड."

मला कळेना.

"चूल इझलीया आसं समज, अन् फुंक. हळू... जोरात न्हाई, राख उडंल."

मी फुंकलं. फुंकणीतून फुंकतात तसे ओठ केले आणि फुंकलं. तो हात पाठीवरून खाली उतरला, माझ्या श्वासाबरोबर.

"आजून. राख उडू दिऊ नगं."

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. थोडं थोडं बाहेर गेलं, मग थोडं आत आलं. काळं हटलं. गव्हाणीतलं गवत दिसायला लागलं, मग गाईचं नाक. हात कधी निघाला ते कळलं नाही. लोक मला विचारतात मागे वळून का नाही बघितलं. मागे वळायला दम लागतो, तो माझ्याकडे नव्हता. उठण्यापुरता आला तेव्हा मी वळले. कोणी नव्हतं. मी भिंतीला धरत घरात गेले, पंप ओढला, नीट ओढला, आणि खाटेवर बसून राहिले.

साडेपाचला ही दोघं आली. बाळासाहेब शेडमध्ये जाऊन आला आणि दारात उभा राहिला.

"आई, तुला डॉक्टर काय म्हनले हुते?"

"गाई हंबरत हुत्या."

"हंबरूंदे! तू मशीन लावलंस? एकटी? अन् बंद कोणी केलं?"

"लाईट गेली असंल."

"लाईट हाय. फॅन चालूय. बटण बंद हाय."

त्याला वाटलं मी कठड्यावर पुन्हा चढले. तो चिडून बाहेर गेला आणि बराच वेळ उगाच गाईंवर ओरडत राहिला. तो घाबरला होता, मला कळत होतं. मनीषा माझ्याजवळ बसली आणि तिनं माझे पाय चेपले. तिनं तसं कधी केलं नव्हतं आणि मी करू दिलं नव्हतं.

आठ दिवसांनी नगरला दाखवायला नेलं. तिथं एक मुलगी होती, श्वासाचे व्यायाम शिकवणारी. म्हणाली, "आजी, दम लागला की घाबरून आत ओढायचं नाही. ओठ असे करायचे आणि हळूहळू सोडायचं." मी करून दाखवलं. ती म्हणाली, "अरे वा, कोणी शिकवलं?"

मी म्हणाले, "घरातल्या बाईनं." मनीषा माझ्याकडे बघायला लागली.

परत आल्यावर मी यमुनाआक्काकडे गेले. आक्का गावातली सगळ्यात जुनी बाई, नव्वदीला टेकलेली, थोरलीला पाहिलेली. तिच्या ओट्यावर बसले आणि सरळ विचारलं, "आक्का, आमची थोरली कशानं गेली?"

"आता गं काय तुला तिचं?"

"सांग तर."

"दम्यानं. दुसरं कशानं? बाजरी पाखडताना गेली. तुझ्या सासूला वाटायचं सोंग हाय."

"अन् दम लागला की काय करायची?"

आक्का हसली, दात नसलेल्या तोंडानं. "येडी हुती बिचारी. काम टाकून घरात पळायची, अन् चुलीम्होरं बसायची फुंकनी तोंडात धरून. चूल इझलेली, आत इंगळ न्हाई का काय न्हाई, अन् ही आपली फुंकतीया. हळू हळू. आमी बाया हसायचो. म्हनायचो, अगं, काय राख शिजवती का? तर म्हनायची, आसं केलं की बरं वाटतं गं."

आक्कानं चहा केला तो गार झाला.

घरी येऊन मनीषाला सगळं सांगितलं. ती बारावी शिकलेली आहे, हुशार आहे. तिनं विचार करून म्हटलं, "आई, तुमच्या सासूबाईंनी कधी तरी तुम्हाला फुंकणीचं सांगितलं असेल. तुम्ही विसरलात. त्या वेळी डोक्यातून वर आलं."

"असेल," मी म्हणाले. "अन् बटण?"

"तुम्हीच बंद केलं असेल. कळलं नसेल तुम्हाला."

"कठड्यावर चढून? दम नसताना?"

मनीषा मग म्हणाली, "आणि ती धाकटी म्हणाली तुम्हाला?"

"हो."

"मला माहीतच नव्हतं तुम्हाला असं म्हणायचे ते."

तीन वर्षं झाली. मी आता शेडमध्ये जात नाही, मनीषालाही तोंडाला कापड बांधल्याशिवाय जाऊ देत नाही. तो आवाज पुन्हा आला नाही. ती थोरली होती असं मी म्हणत नाही. नव्हती असंही मला म्हणता येत नाही. डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की भास होतात. होत असतील. भासाला हात कसा असतो आणि भास बटण कसं बंद करतो, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही उगाच बनवून सांगणार नाही.

मी एक काम मात्र केलं. थोरली सोंगं करायची असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या जिवंत आहेत अशा चार बायका मला आठवल्या. त्यांच्याकडे जायचं ठरवलं. चुलत जाऊ म्हणाली, "आता काय उपयोग गं? ती जाऊन किती वर्षं झाली." मी म्हणाले, "उपयोग नसला तरी ऐकून घे. ती आजारी होती." नणंद पदराचा काठ ओढत म्हणाली, "आई म्हणायची म्हणून आपण म्हणायचो." शेजारच्या वस्तीवरची बाई रडायला लागली, तिला मी गप्प केलं.

चौथी राहिली आहे. ती थोरलीची सख्खी बहीण, हल्ली राळेगणसिद्धीच्या बाजूला मुलीकडे असते. फार वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत मी तिला तोंडावर म्हणाले होते, तुझ्या बहिणीनं आमच्या घरात काय काम केलं? ती ताट तसंच ठेवून उठून गेली. वाटेवर धूळ फार आहे, म्हणून मी पावसाची वाट बघते आहे. धूळ बसली की बसनं जाईन. ती जेवून जा म्हणाली तर जेवेन. नाही म्हणाली, तर तेही बरोबरच आहे.