मागच्या सीटवर मधोमध

मंडळी, आज गुडगावला दोन हायब्रिड गाड्या बघून आलो आणि तेव्हापासून कशातच मन लागत नाहीये.

मी नेहमीप्रमाणे पुढे बसून मायलेज विचारत होतो. सेल्समन म्हणाला, "सर, एक बार पीछे भी बैठिए." बायकोने लगेच टोमणा मारला, "बसा की. सात वर्षांत आपल्या गाडीत तरी कधी मागे बसलात?"

बसलो, तेही मधोमध. पहिल्या गाडीत पायाखाली उंचवटा होता. गुडघे पोटाशी आले आणि पाठीला सीट टोचू लागली. दुसरीत खाली सपाट होतं, पाय नीट ठेवता आले.

आमच्या जुन्या गाडीतही तसाच उंचवटा आहे. मुलांना खिडक्या हव्यात म्हणून आई कायम तिथेच बसायची. गाडी घेतली तेव्हा नारळ तिच्याच हातून वाढवला होता, आणि बसायला जागा दिली ती ही.

गेलं वर्षभर ती संकष्टीला आमच्याबरोबर गाडीने देवळात येत नाही. "घरूनच हात जोडते," म्हणते. मला वाटलं, वय झालं.

घरी येऊन विचारलं, "आई, गाडीत गुडघे दुखायचे का गं?"

"दुखायचे रे. पण तू गाडी चालवत होतास, तुला मागचं कसं दिसणार?"

आज देवापुढे दिवा लावताना मान वर करवली नाही. गाडी कोणती घ्यायची, ते आता आई बसून ठरवेल.

तुमच्या गाडीत मागे मधोमध कोण बसतं?