मागे फिरणारा रोबो

मी पदवीधर झालो तो मिरजोळ्याच्या काकांमुळे. ते मच्छीमार लाँचची इंजिनं दुरुस्त करतात आणि जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवरच्या गेममधला अजस्र रोबो डावीकडून उजवीकडे लढवत नेतात. पाडलेल्या शत्रूचे भाग त्याला बसवतात. पण खांद्याला ओरखडा आला, की लढाई सोडून रोबो मागे, दुरुस्तीला.

“काका, असे जिंकणार कधी?”

“गप रे! ढिल्या नटावर लाँच समुद्रात सोडतात काय?”

मी नापास होऊन कॉलेज सोडतो म्हणालो, तेव्हा काका प्रथमच शेवटच्या राक्षसासमोर पोचले होते. रोबोला मार खात सोडून ते माझ्यासोबत दापोलीच्या एसटीत बसले, फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला.

निकालानंतर मी पत्र टाकलं: “काका, पास झालो. पेढे घेऊन येतोय. तोवर रोबोचा खांदा आवळून ठेवा. या वेळी राक्षस पडेपर्यंत मी शेजारी बसतो.”