एका पेशीत दोन

अक्कांनी पाठवलेली रक्ताची एक काच मी चुकीची वाचली. चूक कळल्यावरही गप्प राहिलो, ते त्याहून वाईट. अक्का आता नाहीत, म्हणून हे तुमच्यापुढे सांगतो.

त्या धरणगावच्या दवाखान्यात तंत्रज्ञ. मी जळगावच्या प्रयोगशाळेत; तालुक्यांतल्या रक्ताच्या काचा फेरतपासणीसाठी माझ्याकडे येत. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न उचलता "थांबा, अजून बघते" म्हणायची त्यांना सवय. डॉक्टर दारात खोळंबले तरी.

प्रशिक्षणात मीच शिकवलं होतं, की हिवतापाचा जंतू अंगावरच्या प्रथिनांनी तांबड्या पेशीला पकडतो आणि आत घुसतो. त्यातला साधा प्रकार, व्हायवॅक्स, फक्त कोवळ्या पेशींना धरू शकतो. मेंदूपर्यंत जाणारा घातक प्रकार, फाल्सीपेरम, कोवळी-जून काही बघत नाही. आत शिरलेला जंतू आधी बारीक कडीसारखा दिसतो; व्हायवॅक्सनं पेशी फुगते, फाल्सीपेरमनं फुगत नाही, आणि त्याच्या एकाच पेशीत दोन-दोन कड्याही सापडतात.

"म्हणजे एकाची सोयरीक जुळावी लागते," अक्का म्हणाल्या, "दुसरा बिनबोलावता पंगतीत बसतो!" वर्ग हसला.

पुढे त्यांनी फाल्सीपेरम लिहिलेली एक काच मी घाईत पाहिली आणि व्हायवॅक्स लिहून मोकळा झालो. त्यांना मेमो गेला : वाचन विश्वासार्ह नाही, चूक कबूल करा.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं थेट माझ्या टेबलापाशी. चिडल्या की अहिराणीत बोलत.

"काच काढा, साहेब. आठे देखा." त्यांनी सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवलं.

"अक्का, सुरुवातीला दोन्हींच्या कड्या सारख्याच दिसतात."

"सारख्या? पेशी जराबी फुगेल नही, आन आत दोन-दोन कड्या! तुम्हीच शिकाडं ना?"

मी पाहिलं. एकाच पेशीत दोन नाजूक कड्या, काठाला चिकटून. मेमोवर सही करणारे वरिष्ठ शेजारच्याच खोलीत होते. "बघू," एवढंच म्हणालो.

"तुम्ही देखं, साहेब. मी कबूल करणार नही."

आणि केलं नाही. बढती अडली, तरी प्रत्येक खुलाशात एकच ओळ : 'काच पुन्हा पाहावी.' ज्या बाईच्या रक्ताची ती काच होती, ती केळीच्या मळ्यात राबणारी मजूर मात्र वाचली. अक्कांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना अडवून फाल्सीपेरमचं औषध द्यायला लावलं होतं.

त्या निवृत्त होऊन जळगावच्या पिंप्राळ्यात राहायला आल्या, तेव्हा मी माफी मागायला गेलो. त्यांनी हातानंच थांबवलं.

"तोंडी नको. मेमो लेखी होता."

मग कार्यालयाला पत्र लिहिलं, त्यांना प्रत दिली. सरकारी पत्रात शेवटचं वाक्य बसत नाही, तरी लिहिलं :

'ती काच फाल्सीपेरमचीच होती. चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी, त्यांच्यासमोर कळली होती. अक्का, मला माफ करा.'