कूलरमधली रवण

त्या उन्हाळ्यात आमच्या घरातला कूलर बंद होता, कारण त्याच्यात कोंबडी बसली होती.

झालं असं की राहात्याजवळच्या आमच्या घरी पप्पांनी मार्चमध्ये कूलरचा जुना वाळा काढला आणि नवा आणायला बाजारात गेले. तिथून ते कुणाच्या तरी मातीला गेले आणि वाळा राहूनच गेला. कूलर बैठकीच्या खिडकीत, त्याची पाठ ओसरीकडे, मागची जाळी काढलेली. खालच्या कोरड्या टाकीत जुना वाळा तसाच पडलेला. आमच्या तांबड्या कोंबडीला ती जागा पसंत पडली. आम्हाला कळलं तेव्हा ती खुडूक होऊन रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, पिसं फुगवून बसली होती आणि कुणी वाकून पाहिलं की घशातून मोटार चालू केल्यासारखा आवाज काढत होती.

पप्पा निवृत्त शिक्षक. त्यांनी अंडी काढून डालग्यात मांडली आणि कोंबडीला उचलून त्यावर ठेवलं. ती डालग्यातून उतरली, ओसरी चढली आणि रिकाम्या कूलरमध्ये जाऊन बसली. असं दोनदा झालं. शेवटी पप्पांनीच अंडी परत तिच्याखाली सारली आणि "बस बाई," म्हणाले. आईने निकाल दिला, "पिल्लं निघेपर्यंत कूलर लावायचा नाही. आपण काय वितळत नाही."

आम्ही जवळजवळ वितळलो. आणि त्याच दिवसांत मला पाहायला मिरजगावहून पाहुणे येणार असल्याचा निरोप आला.

स्थळ आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी आणलेलं. मुलगा बँकेत, वडलांची ब्रॉयलर कोंबड्यांची दोन मोठी शेडं. पप्पांच्या हिशेबाने पिल्लं पाहुणे गेल्यानंतर निघणार होती. आईने कूलरच्या तोंडावर क्रोशाचं टेबलक्लॉथ सोडलं, वर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली आणि आम्हाला बजावलं, "कूलर बिघडलाय म्हणायचं."

"खोटं बोलायचं?" पप्पा म्हणाले.

"मग खरं सांगा. म्हणावं, आमच्या बैठकीत कोंबडी राहते."

पप्पांनी फुलदाणी जरा मधोमध सरकवली.

पाहुणे आले ते भर दुपारी. मुलगा, त्याचे आईवडील आणि पाळकसाहेब. पंखा गरम हवा खाली ढकलत होता. पाळकसाहेबांनी आधी प्रार्थना केली. ती लांबली. "या घरात, हे प्रभू, तू नवं काही सुरू करतो आहेस..." असं ते म्हणाले आणि टेबलक्लॉथच्या मागून "क्लक" असा आवाज आला. पाळकसाहेब थांबले. आई खोकली. "आमेन," पप्पा घाईने म्हणाले, आणि प्रार्थना तिथेच संपली.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा मुलाचे वडील रुमालाने मान पुसत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते कूलरकडे पाहत होते.

"कूलर हाय की तुमचा. लावा ना."

"बिघडलाय," आई म्हणाली.

"मोटार गेली का पंप?"

आईला दोन्हींतला फरक माहीत नव्हता. "दोन्ही," ती म्हणाली.

"मंग आत्ता करून देतो. शेडवरचे समदे पंखे मीच खोलतो. मास्तर, पेचकस आना."

"अहो नको, पाहुणे माणसं तुम्ही..."

"त्यात काय झालं? आता घरचंच हाय."

आई या वाक्यासाठी वर्षभर झुरत होती. ते अशा वेळी ऐकू आल्यावर तिला हसावं की आडवं व्हावं कळेना. तोवर मुलाचे वडील ओसरीवर पोचले होते. पप्पा पेचकस शोधण्याचं नाटक करत होते. पाहुण्यांनी त्यांची वाट न पाहता बाही सारली आणि कूलरच्या पाठीमागून आत हात घातला.

त्यांची आरोळी शेजारच्या उसापर्यंत गेली असेल.

"आवं, ह्याच्यात जित्तं हाय कायतरी!"

आम्ही सगळे धावलो. पाहुणे बोट चोखत उभे होते. पप्पांनी मान खाली घातली आणि वर्गात पकडलेल्या पोरासारखं सगळं एका दमात सांगून टाकलं: वाळा, डालगं, अंडी, सगळं. मी ट्रे हातात घेऊन दारात उभी होते. मनात म्हटलं, संपलं.

पाहुण्यांनी बोट तोंडातून काढलं. "अंड्यावर बसलीय? खरंच?"

"हो," पप्पा म्हणाले. "परवा-तेरवा निघतील पिल्लं."

पाहुणे पुन्हा वाकले. या वेळी हात पाठीमागे बांधून. आतून अगदी बारीक चिवचिव ऐकू आली. कोंबडी जराशी उठली, तर एका अंड्याला टोचा पडला होता.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातनं लाखांनी कोंबड्या गेल्या असतील. पन पिल्लं येत्यात खोक्यात, कंपनीच्या टेम्पोतनं. सव्वा महिन्यात परत टेम्पोत. अंड्यातनं निघताना म्या एकबी पाह्यलं न्हाई."

"म्याबी न्हाई," त्यांची बायको म्हणाली आणि पदर खोचून त्यांच्या शेजारी उकिडवी बसली.

मग खुर्च्या ओसरीवर आल्या. पोहे ओसरीवर आले. पाळकसाहेबांनी खुर्ची अशी लावली की त्यांनाही आतलं दिसेल. मला पाहायला आलेली माणसं माझ्याकडे पाठ करून कूलरमध्ये पाहत बसली. मी नेसलेली मोतिया साडी आईने त्या दिवसासाठी खास इस्त्री करून आणली होती.

मुलगा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. असल्या वेळी मुलाने काहीतरी विचारायचं असतं, म्हणून त्याने विचारलं, "तुम्हाला काय काय आवडतं?"

"शू," त्याची आई न वळता म्हणाली. "तिला तरास हुतोय."

टोचा वाढत होता, पण फारच सावकाश. पाहुण्यांना ते बघवेना. "दमलं ते. जरा कवच काढून देऊ का?" असं म्हणत त्यांनी हात पुढे केला, आणि माझ्या आईने, दुपारपासून त्यांच्यासमोर पदर सावरत वावरणाऱ्या माझ्या आईने, त्यांच्या मनगटावर फाडकन चापटी मारली.

"हात लावायचा नाही! त्याचं त्याला येऊ द्या!"

पाहुण्यांनी हात मांडीवर घेतला. "बरं," ते म्हणाले.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पिल्लू निघालं. ओलं, चिकट, मान न पेलणारं. पाहुण्यांच्या बायकोला वाटलं ते मेलं. पाहुणे मात्र नाक पुसत होते. "लई कष्ट हायेत," एवढंच म्हणाले. दुसरं निघेपर्यंत ते थांबले, मग पाळकसाहेबांनी घड्याळ दाखवून त्यांना गाडीत बसवलं.

आईने दार लावलं आणि मला विचारलं, "तुला काही विचारलं का त्यांनी?"

"हो. पिल्लांना पहिल्या दिवशी काय घालतात, ते."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. आई देवाचं नाव घेत भिंतीला टेकून उभी राहिली. पप्पा फोनवर म्हणाले, "नऊ. दोन अंडी खराब निघाली. हो, हो, मजेत आहेत," आणि फोन ठेवला.

मग रोज फोन. पप्पा पिल्लांचे फोटो पाठवायचे, तिकडून हात जोडलेली चित्रं यायची. मांजराने एक पिल्लू नेलं तेव्हा पाहुणे अर्धा तास पप्पांची समजूत घालत होते. पाळकसाहेबांनी रविवारी उपासनेनंतर विचारलं, "मग होकार समजायचा का?" पप्पा ओशाळून म्हणाले, "तो विषय अजून निघाला नाही." मुलीकडच्यांनी आधी कसं विचारायचं, म्हणून आम्ही थांबलो होतो. ते का थांबले होते, देव जाणे.

सुरुवातीला मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मग राग यायला लागला. नकार मिळाला असता तर निदान मला मिळाला असता. इथे मी आहे की नाही याचीच कुणी दखल घेतलेली नव्हती. शेवटी मीच पप्पांच्या मोबाईलमधून मुलाचा नंबर काढला आणि फोन लावला.

"तुमच्याकडे काय ठरलंय?" मी विचारलं.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," तो म्हणाला.

आम्ही दोघं इतकं हसलो की आई बाहेर बघायला आली. मग त्याने सांगितलं की त्याची बदली कोकणात होतेय आणि त्याला तिकडेच राहायचंय. मला माझी शाळेतली नोकरी सोडायची नव्हती. आम्ही आमच्यापुरतं ठरवून टाकलं. वडलांना सांगायचं धाडस मात्र दोघांनाही झालं नाही. त्यामुळे त्या स्थळाचं उत्तर अजूनही आलेलं नाही.

माझं लग्न पुढच्या वर्षी कोपरगावच्या मुलाशी झालं. मिरजगावचे पाहुणे आदल्या दिवशीच येऊन थांबले, मांडवात पाणी मारलं, आचाऱ्याशी भांडले. मावशीने आईला विचारलं, "हे कोण गं आपले?" आईने बराच विचार केला आणि म्हणाली, "पप्पांकडचे."

लग्न लागल्यावर ते व्यासपीठावर आले. माझ्या नवऱ्याला त्यांनी नखशिखान्त न्याहाळलं.

"कोंबड्या पाळता का?"

"नाही," नवरा म्हणाला. "खातो."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. मग नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिकवू," आणि जेवणाच्या पंगतीकडे वाढपाला निघून गेले.